वाईन कॅनमध्ये भरा, पण गावाचं नाव पुसू नका : इटलीच्या वाईन संघांना खुले पत्र

प्रति,
इटलीतल्या डीओसी आणि डीओसीजी वाईनचे सर्व संरक्षण संघ,
आणि रोमच्या कृषी मंत्रालयातली राष्ट्रीय वाईन समिती

सस्नेह नमस्कार.

माझी मागणी आधीच सांगून टाकते. ज्या वाईन ताज्या असतानाच प्यायच्या असतात, वर्ष-दीड वर्षात संपवायच्या असतात, त्या कॅनमध्ये, तोटीच्या खोक्यात आणि छोट्या मापात भरायची परवानगी द्या. आणि ती देताना त्यांच्यावरचं गावाचं नाव काढून घेऊ नका. आज बहुतेक वेळा उलटं होतं आहे. वाईन काचेबाहेर पडली की अनेकदा तिचं गाव सुटतं, आणि नव्या पिणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा जी इटालियन वाईन येते ती बेनाम असते.

मी नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरात वाढले. ऑक्टोबरची छाटणी, दावण्या रोगाची धास्ती, फुलोऱ्यात आलेल्या बागेवर पडलेला अवकाळी पाऊस, व्यापारी बाग बघायला आला की घरात पसरणारी शांतता, हे सगळं अंगावर घेत मोठी झाले. आता बोलोन्यात वाईनच्या एका दुकानात काम करते. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्या नव्या पिणाऱ्यांबद्दल तुमच्या सभांमध्ये चर्चा होते त्यांत माझी माणसंही आहेत. नाशकात, पुण्यात, मुंबईत वाईनची चव पहिल्यांदा घेणारी आहेत, आणि इथे शिकायला आलेली मराठी मुलंमुलीही आहेत. त्यांनी हे आधी वाचावं अशी इच्छा आहे. इटालियनमध्ये तुमच्यापर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे.

त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इटलीत १९६३ च्या कायद्याने डीओसी आली : अमुक गावांच्या हद्दीत, अमुक द्राक्षांपासून, अमुक रीतीने केली तरच वाईनला त्या जागेचं नाव लावता येतं. तिच्या वरची पायरी डीओसीजी. प्रत्येक नावाची एक नियमावली असते. हेक्टरी किती द्राक्ष काढायचं, किती महिने मुरवायचं यापासून ती कशात भरायची आणि बूच कोणतं लावायचं इथपर्यंत सगळं त्यात लिहिलेलं असतं. ती राखण्याचं काम उत्पादकांचा संघ करतो. त्यात बदल हवा असेल तर मागणी बहुतेक वेळा संघाकडूनच निघते आणि प्रांत, राष्ट्रीय समिती अशा पायऱ्या चढत जाते. म्हणून हे पत्र तुम्हाला.

नियमावलीतलं भरण्याचं कलम वाचलं की वाटतं, काच म्हणजेच परंपरा. पण तुमच्याच देशाचा इतिहास वेगळं सांगतो.

तोस्कानाचा फियास्को घ्या. कियान्तीचं चित्र काढायला सांगितलं तर जगातली अर्धी माणसं अजूनही तीच गवतात गुंडाळलेली पोटुशी बाटली काढतील. भट्टीवर काच फुंकणाऱ्याला गोल बूड करणं सोपं, पण गोल बुडाची बाटली उभी राहत नाही आणि पातळ काच प्रवासात फुटते. म्हणून दलदलीत उगवणारं गवत वाळवून तिच्याभोवती विणायचं. हे काम एम्पोलीच्या आसपासच्या गावांमधल्या बायका घराच्या उंबऱ्यावर बसून करायच्या. पिढ्यान् पिढ्या चाललेला तो रोजगार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर हाताने विणणं परवडेना, गवताच्या जागी प्लास्टिक आलं, आत स्वस्तातली स्वस्त वाईन गेली आणि त्या बाटलीची पत उतरली. १९७० च्या दशकात चांगल्या उत्पादकांनी फियास्को सोडून सरळ खांद्यांची बाटली धरली. ती बाटली बोर्दोची, म्हणजे फ्रेंच. कियान्ती क्लासिकोच्या ज्या बाटलीला आज आपण पारंपरिक म्हणतो, ती त्या डोंगरांत आमच्या आईवडिलांच्या पिढीत आली. तेव्हा संघाने तिला परकी ठरवलं नाही. आतली वाईन नीट राहते आहे ना, एवढंच पाहिलं. आणि ते बरोबरच होतं.

काचेची बाटली घरोघरी कधी गेली हेही आठवा. इथली वयस्क गिऱ्हाइकं मला सांगतात, त्यांच्या लहानपणी घरात बाटलीबंद वाईन सणावारालाच यायची. एरवी वडील गाडीत दामिज्याना टाकून वाईनरीत जायचे, म्हणजे चोपन्न लिटरचा वेष्टण घातलेला काचेचा बुधला. पंपाच्या नळीने तो भरून आणायचा आणि चंद्राच्या कला बघून घरच्या बाटल्यांत उतरवायचा. आजही सहकारी वाईनरीत सुटी वाईन मिळते आणि लोक आपापले बुधले घेऊन रांगेत उभे असतात. व्हेनिसच्या बाकारोत, म्हणजे तिथल्या छोट्या वाईन-बारमध्ये, माणूस बाटली मागत नाही, एक छोटा पेला मागतो, उभ्याउभ्या पितो आणि पुढे जातो. रोमजवळच्या टेकड्यांवरच्या फ्रास्केत्तांमध्ये, म्हणजे साध्या वाईनघरांमध्ये, वाईन पिंपातून सुरईत येते, खायचं आपलं आपण घेऊन जायचं. आमच्या एमिल्यात लांब्रुस्को ही हलकी फेसाळती लाल वाईन जुनी माणसं पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यातून प्यायची. थोडं माप, जवळची वाईन, जेवणाच्या सोबतीला, आणि संपली की पुन्हा भरून आणायची. इटलीतला रोजचा रिवाज हा असा होता. पाऊण लिटरची जड बाटली, लांब बूच आणि ते काढण्याचा सोहळा हे सगळं त्या रिवाजावर नंतर चढलं.

माझ्या मते ज्या पिढीला तुम्ही गमावलेली म्हणता, ती या जुन्या रिवाजाच्या फार जवळ आहे. इटलीत १९७० च्या सुमारास माणशी वर्षाला शंभर लिटरच्या वर वाईन प्यायली जायची. आज ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आहे. ते पुन्हा शंभरावर जावं असं मला अजिबात वाटत नाही. माणसं कमी पितात हे चांगलंच आहे. पण कमी पिणाऱ्याला कमी मापाची, चांगल्या गावची वाईन मिळू नये, हे मला पटत नाही. एकट्याने राहणारी मुलगी मंगळवारी रात्री एका पेल्यासाठी पाऊण लिटरची बाटली कशाला उघडेल? उघडली तर उरलेली वाईन गुरुवारपर्यंत उतरते. मग ती बिअर घेते, नाहीतर कॅनमधलं गोड, रंगीत कॉकटेल घेते.

आणि चौकांचं काय? उन्हाळ्यात इथल्या कित्येक शहरांत नगरपालिका रात्री काचेच्या बाटल्या बाहेर विकायला किंवा न्यायला बंदी घालते. फुटलेल्या काचांमुळे हे होतं आणि त्यात काही चूक नाही. पण त्याचा परिणाम असा की तरुण मुलं रात्री जिथे खरोखर बसतात, तिथे बिअरला कॅनमधून जाता येतं, स्प्रित्झ या वाईन-सोड्याच्या कॉकटेलला प्लास्टिकच्या ग्लासातून जाता येतं, आणि सोर्बारा किंवा सोआवे अशा गावच्या वाईनला कॅनमधून नावानिशी जाता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात विद्यापीठातली एक मुलगी दुकानात आली. टेकडीवर मित्रांसोबत जेवण घेऊन जायचं होतं, सोबत पाठीवरची पिशवी, काच नको. मी तिला हलकी फेसाळती लाल वाईन दिली, कॅनमधली. चांगली होती. ती कुठल्या शिवारातली आहे हे मला भरणाऱ्याकडून माहीत होतं. तिने कॅन फिरवून पाहिला आणि विचारलं, ही कुठली? कॅनवर फक्त रंग, फेस आणि देश लिहिलेला होता. मी तोंडाने सांगितलं, ती हसून बरं म्हणाली आणि गेली. टेकडीवर तिच्या मित्रांनी हाच प्रश्न विचारला असेल तर त्यांना उत्तर मिळालं नसणार. त्या वाईनला पुन्हा शोधायचं झालं तर कोणत्या नावाने शोधायचं?

मराठी वाचकांना हे हापूसवरून लगेच कळेल. देवगडचा आंबा एके काळी लाकडी पेटीत, पेंढ्यात यायचा. आता पुठ्ठ्याच्या खोक्यात येतो. समजा नियम असता की देवगडचं नाव फक्त लाकडी पेटीवर लावायचं, पुठ्ठ्यावर नुसतं ‘आंबा’ लिहायचं, तर काय झालं असतं? पुठ्ठ्यातला देवगड बेनाम विकला गेला असता, त्याच्याशेजारी कुठलाही आंबा त्याच किमतीला बसला असता आणि बागायतदाराच्या हातात लाकूड तेवढं उरलं असतं. तुमच्या नियमावल्यांनी रोजच्या वाईनचं हेच केलं आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही हे अनुभवातून शिकलोय. २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका कंपनीने प्रोसेक्को ही फेसाळती वाईन सोनेरी कॅनमध्ये भरली, पॅरिस हिल्टनला सोनेरी रंगात रंगवून त्याची जाहिरात केली, आणि प्रोसेक्कोच्या जुन्या टेकड्यांवर, म्हणजे कोनेल्यानो-वाल्दोब्यादेनेच्या उभ्या उतारांवर, हाताने द्राक्षं तोडणाऱ्या माणसांच्या काळजाला ते लागलं. मला त्यांचा संताप पूर्ण समजतो. पण खरी जखम कॅनची नव्हती. प्रोसेक्को तेव्हा द्राक्षाच्या जातीचं नाव होतं. जातीच्या नावावर कुणाची मालकी नसते. ते कुठेही लावता येतं, कशावरही छापता येतं. तुम्ही इलाजही त्याच जागी केलात. २००९ मध्ये द्राक्षाला ग्लेरा म्हणायचं ठरलं, प्रोसेक्को हे जागेचं नाव झालं, ट्रिएस्टेजवळचं प्रोसेक्को गाव धरून दोन प्रांतांतल्या नऊ जिल्ह्यांची हद्द आखली गेली आणि जुन्या टेकड्यांना डीओसीजी मिळाली. ते शहाणपणाचं काम होतं. त्याच्याच बळावर आज वर्षाला साठ कोटींहून जास्त बाटल्या जातात. बनावट थांबवली ती नावाच्या कायद्याने. काचेची सक्ती त्याच वेळी सोबत आली आणि मग सगळीकडे तीच ढाल समजली जाऊ लागली.

तसंही मी प्रोसेक्को कॅनमध्ये मागत नाहीये. तीन बारच्या वर दाब असलेली स्पुमान्ते, म्हणजे जोरदार फेसाची वाईन, कशात भरावी हे युरोपच्या नियमांत स्पष्ट आहे : जाड काचेची बाटली आणि छत्रीच्या आकाराचं बूच. माझा आग्रह फ्रिझान्तेसाठी आहे, म्हणजे एक ते अडीच बारचा हलका फेस असलेल्या वाईनसाठी, आणि ताज्या, बिनफेसाच्या वाईनसाठी.

बारोलो, ब्रुनेल्लो, अमारोने, तौराझी यांना हात लावू नका. त्यांना वर्षानुवर्षं अंधारात पडून राहायचं असतं, आणि त्यासाठी काचेइतकं चांगलं भांडं अजून कुणाला सापडलेलं नाही. पण बार्दोलीनो? गार्दा सरोवराकाठचा फिकट गुलाबी क्यारेत्तो? फ्रास्काती, ऑर्व्हिएतो, साधा सोआवे, कोवळा दोल्चेत्तो, अब्रुत्सोचा चेरी रंगाचा चेरासुओलो? या वाईन पुढच्या हंगामाआधी संपल्या तरच त्यांची मजा. त्यांना अर्ध्या किलोच्या, कधी कधी पाऊण किलोच्याही काचेत कोंडून आपण नेमकं काय जपतो?

काचेच्या वजनाबद्दल माझी चीड मी लपवणार नाही. साधी बाटली अर्ध्या किलोची धरली तर भरलेल्या बाटलीच्या वजनात चाळीस टक्के काच असते. ती काच सुमारे दीड हजार अंश तापमानाच्या भट्टीत वितळवलेली असते आणि वाईनच्या एकूण कार्बन हिशेबात सर्वांत मोठा वाटा बहुतेक वेळा तिचाच असतो. पाऊण लिटर वाईन अडीचशे मिलिलिटरच्या तीन कॅनमध्ये भरली तर तिन्ही रिकाम्या कॅनचं मिळून वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतं. कॅनडात ओंटारिओच्या सरकारी मद्यविक्री मंडळाने साध्या वाईनच्या बाटलीला ४२० ग्रॅमची मर्यादा घातली त्याला कैक वर्षं झाली. स्वीडनच्या सरकारी दुकानांत विकल्या जाणाऱ्या वाईनपैकी निम्म्याहून जास्त वाईन तोटीच्या खोक्यातून जाते. पुठ्ठ्याच्या आत पिशवी, आणि वाईन जसजशी निघते तसतशी पिशवी आकसते, म्हणून हवा आत जात नाही आणि उघडलेला खोका महिनाभर टिकतो. ती गिऱ्हाइकं अडाणी नाहीत. त्यांना लिटरमागे जास्त चांगली वाईन मिळते हे त्यांनी ओळखलं आहे.

भारतात हा हिशेब आणखी बोचरा आहे. आयात वाईनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं, आणि ते मालाच्या किमतीत जहाजभाडं आणि विमा मिळवून आकारलं जातं. म्हणजे जेनोव्हाहून न्हावाशेव्याला येणाऱ्या काचेच्या वजनावरही माझ्या पुण्यातल्या मैत्रिणीने कर भरायचा. मग तिच्यापर्यंत तुमची जी वाईन पोचते ती एकतर फार महाग असते किंवा फार सामान्य. मधली, प्रामाणिक, रोजच्या जेवणासोबतची इटालियन वाईन तिला माहीतच होत नाही.

आणि आमच्याकडे कॅनचं वावडं नाही. अकलूजला मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीतले सेक्की बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली वाईन्स उभी केली. तोस्कानातून आलेले वाईनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली सोलापूरच्या उन्हात सांजोवेझे लावलं. त्याच कंपनीने पुढे कॅनमधली वाईनही बाजारात आणली. तोस्कानाचं द्राक्ष महाराष्ट्रात येऊन कॅनमध्ये जाऊ शकतं, आणि तोस्कानात राहिलेल्या त्याच्या सख्ख्या भावंडाला कियान्ती क्लासिकोचं नाव घेऊन ते करता येत नाही. वाईन कुठे आणि कशी विकावी यावर आमच्याकडेही वाद आहेत. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायचा निर्णय घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! त्या विरोधातली काळजी मला खरी वाटते, आणि तिच्याबद्दल पुढे लिहिते.

आधी गुणवत्तेचं. कॅनमध्ये काहीही भरलं तरी चालतं असं म्हणणारा विक्रेता खोटं बोलतो. कॅनच्या आतून प्लास्टिकचा पातळ लेप असतो. वाईन टिकावी म्हणून घातलेल्या सल्फर डायऑक्साइडचा काही भाग त्या लेपातून पार जाऊन अॅल्युमिनियमला भिडतो, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि कॅन उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास येतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात यावर नीट संशोधन झालं आहे. वाईनची आम्लता, त्यातल्या मुक्त सल्फरचं प्रमाण आणि लेपाचा प्रकार या तिन्हींचा मेळ बसवावा लागतो. म्हणजे कॅनसाठी वाईन पहिल्यापासून वेगळी राखायची असते, उरलासुरला माल त्यात ओतायचा नसतो. लांब्रुस्कोत साखर उरलेली असेल तर यीस्ट पूर्ण गाळून काढलं पाहिजे, नाहीतर कॅन फुगेल. आणि गाळ तळाशी ठेवून बाटलीतच पुन्हा आंबवलेली जी जुनी पद्धत आहे, ती वाईन कॅनमध्ये भरूच नये. तिचा गाळ दिसला पाहिजे, ती हलक्या हाताने ओतली पाहिजे.

हे सगळं नियमावलीत लिहायचं तर आधी कॅन नियमावलीत यायला हवा. आज तो बाहेर आहे म्हणून त्यावर तुमची देखरेखही नाही. चवीची चाचणी नाही, प्रयोगशाळेची चाचणी नाही, अस्सल नावाची खूण म्हणून चिकटवायची क्रमांकाची पट्टी नाही. बेनाम कॅनमध्ये कुणी वाईट वाईन भरली तर तुमचं काही बिघडत नाही असं तुम्हाला वाटतं, पण ती पिणारा माणूस एवढंच लक्षात ठेवतो की इटालियन वाईन वाईट होती.

१९८३ मध्ये फाएन्झाच्या काव्हिरो सहकारी संघाने ताव्हेर्नेल्लो टेट्रापॅकमध्ये आणली तेव्हा केवढी टवाळी झाली. ती इटलीत सर्वांत जास्त खपणारी वाईन झाली. रोमान्यातल्या हजारो लहान शेतकऱ्यांच्या द्राक्षांना तिने हक्काचं गिऱ्हाईक दिलं, आणि शेतकऱ्याची मुलगी म्हणून मला त्याचं मोल फार वाटतं. हमखास उचल म्हणजे काय, हे भाव पडलेल्या वर्षी बाग तोडायला निघालेल्या माणसाला विचारा. पण ताव्हेर्नेल्लोत गाव नाही, वर्षं नाही. भांडं पुढे गेलं आणि जागा मागे राहिली. त्या वेळी एखाद्या संघाने रोमान्याच्या सांजोवेझेला नावानिशी त्या रस्त्यावर आणलं असतं, तर आज टेट्रापॅक पाहून नाक मुरडणारी एक अख्खी पिढी तयार झाली नसती असं मला वाटतं.

नियम न हलल्यामुळे वाईन नाव सोडून गेल्याचा प्रकार तुमच्याकडे आधी एकदा घडला आहे. तोस्कानातल्या बोल्गेरीच्या सासिकाया वाईनचा १९६८ चा हंगाम बाजारात आला, मागोमाग १९७१ ची तिन्यानेल्लो आली. देशातल्या उत्तम वाईनमध्ये गणना, आणि चिठ्ठीवर ‘टेबल वाईन’ हा सर्वांत खालचा दर्जा, कारण त्यांची द्राक्षं तेव्हाच्या कुठल्याही नियमावलीत बसत नव्हती. कियान्तीत तेव्हा पांढरी द्राक्षं मिसळणं बंधनकारक होतं. पुढे कायदा हलला. १९९२ मध्ये आयजीटी, म्हणजे डीओसीच्या खालची, प्रदेशाचं नाव लावू देणारी सैल पायरी, आली, १९९४ मध्ये सासिकायाला स्वतःच्या जागेचं नाव मिळालं, १९९६ पासून कियान्ती क्लासिको निव्वळ सांजोवेझेची करता येऊ लागली आणि २००६ पासून पांढरी द्राक्षं तिच्यातून हद्दपार झाली. त्या वेळी श्रीमंतांच्या टेबलावरची वाईन नाव सोडून जात होती, म्हणून सगळ्यांना जाग आली. आता विद्यार्थ्यांच्या, एकट्यादुकट्याच्या, सहलीला निघालेल्यांच्या हातातली वाईन नाव सोडून जाते आहे. तिच्यासाठी तेवढीच घाई व्हावी अशी माझी विनंती आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मंत्रालयाने अल्कोहोल काढलेली वाईन देशात करायला मोकळीक दिली, तेव्हा मनात आलं की दारं उघडतात.

आता किराणा दुकानांच्या वादातल्या त्या काळजीबद्दल. छोटं, रंगीत, थंडगार भांडं मुलांना सरबतासारखं वाटू शकतं. हा धोका खरा आहे आणि त्याकडे डोळेझाक करून मला ही परवानगी नको आहे. अडीचशे मिलिलिटरचा कॅन हातात घेतला की ते एकाच माणसाचं एक माप वाटतं, पण इथल्या पद्धतीच्या पेल्याने मोजलं तर ते दोन पेले आहेत. हे कॅनच्या पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत यायला हवं. युरोपात साध्या वाईनला शंभर, एकशे सत्त्याऐंशी आणि अडीचशे मिलिलिटर ही मापं आधीपासून मान्य आहेत. बिअरचा ३३० चा कॅन मान्य नाही, आणि ते तसंच राहावं. माझ्या मते सुरुवात एकशे सत्त्याऐंशीपासून करावी. फळांची चित्रं नकोत, कार्टून नकोत, मिठाईचे रंग नकोत. कॅनवर गावाचं नाव तेवढ्याच आकारात हवं जेवढं ते बाटलीवर असतं. वाईन भरल्याची तारीख हवी, कारण कॅन ताजा असेल तरच चांगला, आणि गिऱ्हाइकाला ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही. डिसेंबर २०२३ पासून घटक आणि पोषणाची माहिती क्यूआर कोडवर देता येतेच, तिथेच शिवार, जात आणि तोडणीचा महिनाही लिहा. तारीख मात्र डोळ्यांना दिसेल अशी कॅनवरच छापा.

वाईन द्राक्षाच्या प्रदेशातच भरली जावी ही अट कॅनलाही लावा. ठोक वाईन टँकरने बाहेर गेली की वर लिहिलेल्या सगळ्या अटी कागदावर राहतात. लहान उत्पादकाला कॅन भरायचं यंत्र परवडणार नाही हे मला माहीत आहे. पण इथल्या लहान वाईनऱ्यांपैकी कितीतरी जणांकडे बाटल्या भरायचंही यंत्र नाही. ट्रकवर बसवलेलं यंत्र अंगणात येतं, दिवसभरात माल भरून देतं आणि पुढच्या गावी जातं. कॅनसाठी असा ट्रक संघाने घ्यावा, आणि हेक्टर-दोन हेक्टरवाल्याला त्याची पाळी आधी मिळावी. संघात मतं उत्पादनाच्या प्रमाणात मोजली जातात, मोठ्याचं मत मोठं. म्हणूनच हे आधी लिहून ठेवायला हवं, नाहीतर परवानगी मिळेल आणि तिचा फायदा चार मोठी घरं घेतील.

सुरुवात लांब्रुस्कोपासून करा, असा माझा आग्रह आहे. सोर्बारा, कास्तेल्वेत्रोची ग्रास्पारोस्सा, सांता क्रोचेचा सालामिनो : तिन्ही वेगवेगळ्या, तिन्ही थंड प्यायच्या, तिन्ही हलक्या. अमेरिकेत सत्तर-ऐंशीच्या दशकांत रेज्जो एमिल्याच्या रियुनीते सहकारी संघाने लांब्रुस्को अफाट खपवली. बर्फ घालून, गोडसर, स्वस्त. पैसा आला, पण लांब्रुस्को म्हणजे गोड, लाल, फेसाळ पाणी असा समज जगभर पसरला आणि सोर्बाराची आंबटसर, गुलाबी, कोरडी वाईन करणारी माणसं अजून त्याची किंमत मोजत आहेत. तो समज खोडायचा तर तीन गावांची तीन नावं नव्या माणसाच्या हातात पडली पाहिजेत, एकाशेजारी एक, छोट्या मापात, म्हणजे तो एका संध्याकाळी मित्रांसोबत तिन्ही चाखून बघू शकेल. तीन बाटल्या उघडायला तो धजणार नाही. तीन छोटे कॅन उघडेल.

दोन हंगाम चाचणीचे ठरवा. मर्यादित माल, क्रमांकाची पट्टी प्रत्येक कॅनवर, सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी दुकानाच्या फळीवरून उचललेल्या कॅनची उघड चाचणी, आणि तिचे निकाल चांगले-वाईट जसे येतील तसे जाहीर. चवीच्या समितीत वाईन करणाऱ्यांबरोबर तिशीच्या आतले चार जण बसवा. निकाल वाईट आले तर परवानगी मागे घ्या, मी तक्रार करणार नाही. या वर्षीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा मुद्दा येणार असेल तर तारीख कळवा. दुकानातून रजा काढून मी येईन, आणि येताना गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न लिहून आणीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
नाशिकच्या द्राक्षबागेतून बोलोन्यात आलेली एक वाईनविक्रेती